शंख आणि खेकडा

समुद्रावरील वाङ्मयाचे स्थूलमानानें दोन भाग पडतात. एक जहाजावरून लिहिलेलें, दुसरें किनाऱ्यावरून लिहिलेलें. पहिल्यांत वादळें, बंडें, देवमासे आणि दूरचीं बेटें असतात. त्याचा वाचक घरीं आरामखुर्चींत बसलेला असतो आणि लेखकाच्या मागोमाग तेथें जाण्याचा त्याचा मुळींच विचार नसतो. दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. शांत किनारा, कमरेइतकें निवळ पाणी, ओहोटींत उघडे पडणारे खडक, माडांच्या राईंतून जाणारी पाऊलवाट, यांविषयीं जो लिहितो त्याच्या वाचकाला पुढच्याच सुट्टींत मुलांबाळांसह तेथें जातां येतें. म्हणून किनाऱ्यावरील पुस्तकाचें परीक्षण करतांना केवळ भाषेचें सौष्ठव पाहून भागत नाहीं. तें पुस्तक डोक्यांत घेऊन गेलेला मनुष्य तेथें काय पाहतो आणि काय पाहिनासा होतो, हेंही पाहावें लागतें.

आरंभ आपल्या जवळच्याच एका किनाऱ्यापासून करूं. १८८३ सालीं रवींद्रनाथ ठाकूर आपले बंधु सत्येंद्रनाथ यांच्याकडे कारवारला राहिले होते. सत्येंद्रनाथ तेथें न्यायाधीश होते. कारवार तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडत असे. ‘जीवनस्मृति’ या १९१२ सालच्या ग्रंथांत रवींद्रांनीं या मुक्कामाला एक छोटेंसें प्रकरण दिलें आहे. अर्धचंद्राकार किनारा अनंताला कवटाळण्यासाठीं बाहु पसरून बसला आहे, कांठाला सुरूचें बन आहे, एका टोकाला काळी नदी समुद्राला मिळते. चांदण्या रात्रीं होडींतून नदीच्या वरच्या अंगाला जाणें, शिवाजीमहाराजांच्या एका जुन्या किल्ल्यापाशीं उतरणें, कोणा शेतकऱ्याच्या स्वच्छ अंगणांत बसून जेवणें, आणि परततांना नदीच्या मुखाशीं होडी सोडून वाळूवरून पायीं घरीं येणें, एवढाच काय तो वृत्तांत. पण त्यापुढें रवींद्र जें सांगतात तें टीकाकारानें जपून ठेवण्यासारखें आहे. त्या रात्रीं घरीं आल्यावर त्यांनीं जागून एक कविता लिहिली. ती ते आठवणींत देतात, आणि लगेच तिच्या गुणाविषयीं शंकाही घेतात. भावना अगदीं अंगाशीं भिडलेली असतांना तिच्यावर काव्य रचणें बरें नव्हे. मधें थोडें अंतर पडावें लागतें, आठवणीच्या कुंचल्यावांचून खरा रंग चढत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. स्वतःच्याच कवितेला असें तराजूंत घालणारा कवि विरळा.

परंतु या प्रकरणांत एकही मासा नाहीं, एकही खेकडा नाहीं. रवींद्रांना तो दोष लावण्यांत अर्थ नाहीं. ते अनंताकडे पाहत होते आणि त्यांना तें दिसलेंही. दोष त्यांच्यामागून आलेल्या आपणां सर्वांचा आहे. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ सालीं सावरकरांना जो समुद्र दिसला, तो मातृभूमि आणि आपण यांमधील अंतर होता. त्या क्षणीं त्याला दुसरें कांहीं असण्याचा अधिकारच नव्हता. पण हें विरहाचें किंवा अनंताचें नातें ज्यांच्या वांट्याला आलें नाहीं, त्या लेखकांनींही समुद्राकडे दुसऱ्या कोणत्या दृष्टीनें पाहावें याचा विचार केला नाहीं. आपल्याकडील किनाऱ्यावरचा लेख आम्हीं किती वेळां वाचला असेल! गाडीचा प्रवास, घाट, खानावळींतील सोलकढी, मग सूर्यास्त, मग चांदणें, मग मनुष्याच्या क्षुद्रत्वाविषयीं चार वाक्यें. लेखकाचे पाय घोट्यापर्यंत भिजतात, त्यावर नाहीं. पाण्याखालीं डोकें घालण्याचें त्याच्या मनांत येत नाहीं आणि वाळूकडे पाहण्यासाठीं तो वांकत नाहीं. अरण्याला मराठींत मारुती चितमपल्ली लाभले. किनाऱ्यासाठीं तसें नांव चटकन् ओठांवर येत नाहीं. आणि इतका लांब किनारा लाभलेल्या भाषेला हें कांहीं भूषणावह नव्हे.

या पार्श्वभूमीवर १९५५ या एकाच वर्षीं अमेरिकेंत निघालेलीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. दोहोंच्या लेखिका स्त्रिया. दोहोंचा फ्लोरिडाच्या उबदार किनाऱ्याशीं संबंध. एक अॅन मॉरो लिंडबर्ग यांचें ‘गिफ्ट फ्रॉम द सी’, दुसरें रेचेल कार्सन यांचें ‘द एज ऑफ द सी’. पहिल्याला अफाट लोकप्रियता मिळाली आणि तें आजही भेट देण्याचें पुस्तक म्हणून खपतें. दुसरें त्या मानानें जाणत्यांचें राहिलें.

लिंडबर्गबाई प्रख्यात वैमानिकाच्या पत्नी, स्वतः विमान चालविणाऱ्या. १९३२ सालीं त्यांच्या तान्ह्या मुलाचें अपहरण होऊन त्याचा खून झाला. पुढें आणखी पांच मुलें, संसार, प्रसिद्धीचा जाच. या सर्वांतून कांहीं दिवस सुटून त्या कॅप्टिव्हा बेटावर एकट्या राहिल्या, आणि वाळूंत सांपडलेला एकेक शंख समोर ठेवून त्यांनीं एकेक प्रकरण लिहिलें. गोल शंख एकांताचा. दगडाला चिकटून वेडावांकडा वाढलेला कालव मध्यमवयीन संसाराचा. हें कालवाचें प्रकरण खरोखर चांगलें आहे. संसार सुंदर दिसत नाहीं, पण पक्का बसलेला असतो, हें त्यांनीं ज्या साधेपणानें सांगितलें आहे तें कोणत्याही गृहिणीला पटेल. शंख फार गोळा करूं नयेत, थोडेच असले म्हणजे त्यांची शोभा राहते, हाही त्यांचा शहाणपणा मान्य.

तरीपण पुस्तक मिटल्यावर मनांत एक खडा राहतो. पहिलाच शंख घ्या. त्यांत मूळचा प्राणी नव्हता. एक शंखवासी खेकडा त्यांत राहत होता आणि तोही सोडून गेला, असें त्या लिहितात. त्या रिकाम्या घरावरून त्यांना साधेपणाचा, थोडक्या सामानानिशीं राहण्याचा विचार सुचतो. विचार उत्तम. पण खेकड्याचें काय? या प्राण्याचें पोट मऊ आणि उघडें असतें. दुसरें घर मिळाल्याशिवाय तो पहिलें सहसा सोडीत नाहीं, कारण उघडा सांपडला तर कोणीही त्याला गिळतो. हव्या त्या मापाच्या रिकाम्या शंखांचा बहुधा तुटवडाच असतो, आणि त्यासाठीं या खेकड्यांत मारामाऱ्या होतात. म्हणजे आपण ज्याला त्यागाचें चिन्ह समजून उचलून घरीं नेतों, तें वाळूवर दुसऱ्या कोणासाठीं भाड्यानें मिळण्याजोगें घर असतें. शेवटच्या ‘अर्गोनॉट’ शंखाची गोष्ट याहून बोलकी आहे. ही मादी पिलांसाठीं पाळणा म्हणून कागदासारखा पातळ शंख बनविते आणि पिलें गेल्यावर तो टाकून नव्या आयुष्याला निघते, असा आधार घेऊन बाईंनीं प्रौढ वयांतील मुक्त स्नेहाचें रूपक रचलें आहे. वास्तविक अर्गोनॉट ही एक अष्टपाद जातीची प्राणी आहे. ती हा शंख जन्मभर वागविते. पृष्ठभागावर येऊन त्यांत हवा कोंडून घ्यावयाची आणि त्या हवेच्या जोरावर पाण्यांत तरंगत राहावयाचें, हा तिचा क्रम २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत स्पष्ट झाला. शंख टाकून मुक्त होणें तिला परवडणारें नाहीं.

कोणी म्हणेल, रूपकाला प्राणिशास्त्राची फूटपट्टी कशाला? कमळ चिखलांत उगवतें याची कवीनें किती चौकशी करावी? आक्षेप खरा आहे आणि रूपक म्हणून हें प्रकरण जगेलही. पण किनाऱ्यावरच्या पुस्तकांत गोष्ट निराळी होते, कारण वाचक शंख हातीं घेण्यास तेथें जाणार आहे. तो प्रत्येक शंखांत स्वतःला शोधूं लागतो. त्याला आंतला प्राणी दिसत नाहीं, दिसला तर तो अडचण वाटतो.

कार्सनबाईंचें पुस्तक नेमकें येथें वेगळें पडतें. त्या प्राणिशास्त्रज्ञ, अमेरिकन सरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्यांत अनेक वर्षें नोकरी करून १९५२ सालीं बाहेर पडल्या. ‘द सी अराउंड अस’ या १९५१ सालच्या पुस्तकानें त्यांना कीर्ति दिली होती. नव्या पुस्तकाची मूळ कल्पना किनाऱ्यावरील जीवांची ओळख करून देणारी एक मार्गदर्शिका, इतकीच होती. एकेका प्राण्याचें लहानसें चरित्र लिहीत जाण्याचा तो बेत त्यांनीं मधेंच मोडला आणि पुस्तकाची उभारणी प्राण्यांवर न करतां जमिनीवर केली : खडकाळ किनारा, वाळूचा किनारा, पोंवळ्यांचा किनारा. हा फरक वरकरणी केवळ मांडणीचा वाटतो. पण त्यामुळें प्रत्येक जीव जेथें आहे तेथें कां आहे, लाटेचा मार, ओहोटींतली कोरड आणि पायाखालचा आधार यांच्याशीं त्याचें कसें जमतें, हा प्रश्न पुस्तकाच्या कण्यासारखा झाला. बॉब हाइन्स यांचीं रेखाचित्रें मजकुराच्या अंगाअंगानें चालतात, त्याला सजवीत बसत नाहींत.

त्यांच्या खेकड्याकडे पाहा. रात्रीच्या वाळूवर विजेरीच्या झोतांत त्यांना एक लहानसा, वाळूच्याच रंगाचा खेकडा सांपडतो. लाटेच्या रेषेच्या जरा वर एक खळगा करून तो समुद्राकडे तोंड करून बसला आहे. आपल्या कोंकणांतही सांज झाली कीं हे बिळांतून निघतात आणि पावलाचा कंप लागतांच अदृश्य होतात. मुलें त्यांच्यामागें धांवून दमतात. कार्सनबाई सांगतात कीं हा प्राणी समुद्रांतून जमिनीवर येण्याच्या वाटेवर अर्ध्यांतच आहे. तो हवेंत श्वास घेतो, पण कल्ले ओले करण्यासाठीं त्याला पुनःपुन्हां पाण्याशीं जावें लागतें, आणि खोल पाण्यांत तो बुडून मरेल. तेथें त्यांनाही तो खेकडा एकंदर जीवनाचें प्रतीक वाटतो. म्हणजे प्रतीकाचा मोह त्यांनाही सुटलेला नाहीं. पण तो खेकडा प्रतीक झाल्यावरही खेकडाच राहतो. त्याला आपलें घर सोडून आमच्या मनांत राहावयास यावें लागत नाहीं. दोन्ही पुस्तकांतील अंतर आम्हांस येथें दिसतें. लिंडबर्गबाई शंखापासून निघून स्वतःपाशीं येतात, कार्सनबाई स्वतःला विसरून खेकड्यापाशीं जातात आणि तेथेंच थांबतात.

पोंवळ्यांच्या किनाऱ्यावरील प्रकरण हें या पुस्तकाचें सर्वांत समृद्ध प्रकरण आहे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांची माळ, उथळ ऊन पाणी, समुद्री गवताचीं कुरणें, आणि कांदळाचें रोप समुद्रावर तरंगत तरंगत दूर जाऊन उथळाला पाय टेकतें व पुढें त्याचें बेट होतें त्याची गोष्ट. मोठ्या स्पंजाच्या पोकळ्यांत शेंकडों बारीक कोळंब्या राहतात. त्या एका नांगीचा चटका वाजवितात. ज्यानें डोळ्यांवर कांच आणि तोंडांत नळी धरून उष्ण समुद्राच्या खडकाळ उथळांत डोकें खालीं घातलें आहे, त्याला हा तडतडाट पुस्तकाशिवायही ठाऊक असतो. पहिल्यानें वाटतें कीं कानांत पाणी गेलें. पाण्याखालचें जग निःशब्द असतें, ही समजूत पहिल्या दोन मिनिटांत जाते, आणि समुद्राच्या मौनावर लिहिलेलीं कित्येक पानें तिच्याबरोबर जातात.

वाचकाला पाण्याखालीं नेण्याचा मान मात्र विल्यम बीब यांचा. त्यांनीं १९२७ सालीं हैतीच्या उपसागरांत तांब्याचें शिरस्त्राण डोक्यावर चढवून, वरून रबरी नळीनें हवा घेत, पोंवळ्यांत तासन् तास घालविले आणि १९२८ सालीं ‘बिनीथ ट्रॉपिक सीज’ हें पुस्तक लिहिलें. मरण्यापूर्वीं असें एक शिरस्त्राण कसेंही करून मिळवा आणि एकदां खालीं पाहून या, अशा अर्थाचा आग्रह ते वाचकाला करतात. त्यांचें गद्य उत्साहानें ओसंडतें. विशेषणें इतकीं कीं मधूनमधून माशापेक्षां आश्चर्यच मोठें दिसतें. पण हा मनुष्य उदार होता. १९४४ सालच्या आपल्या निवडक निसर्गलेखांच्या संग्रहांत त्यांनीं त्या वेळीं फारशा प्रसिद्ध नसलेल्या कार्सनबाईंना स्थान दिलें, आणि पुढें पाण्याखालीं उतरल्यावांचून समुद्रावर लिहूं नका म्हणून त्यांच्या मागें लागले. बाई १९४९ सालीं मायामीजवळ शिरस्त्राण घालून उतरल्याही. हवा खराब, पाणी गढूळ, फार खोल नाहीं आणि फार वेळही नाहीं. एवढ्या थोडक्या दर्शनावर त्यांनीं जें उभें केलें तें पाहिलें म्हणजे अनुभव किती घेतला यापेक्षां तो कोणी घेतला यालाच महत्त्व आहे असें म्हणावें लागतें. आज साध्या कांचेनें आणि नळीनें कोणालाही तितकें पाहतां येतें. पाहून वर आल्यावर माणसें काय बोलतात, हें ऐकणें मात्र बहुधा निराशेचें असतें.

बीब यांच्या आग्रहाला दुसरी बाजू आहे, आणि ती एका जुन्या पुस्तकानें दाखविली आहे. इंग्लंडमध्यें फिलिप हेन्री गॉस यांनीं जमेकाच्या वास्तव्यावरील ग्रंथानंतर १८५३ सालीं डेव्हनच्या किनाऱ्यावरील आपल्या भटकंतीचें पुस्तक काढलें, आणि पुढच्याच वर्षीं घरांत कांचेच्या पेटींत समुद्र कसा ठेवावा याचें. दोन्ही पुस्तकें खपलीं. सुशिक्षित कुटुंबें बादल्या आणि जाळीं घेऊन किनाऱ्यावर लोटलीं. त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनीं १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’ मध्यें लिहून ठेवलें आहे कीं, ज्या खडकांतल्या डबक्यांत बालपणीं आपण वडिलांबरोबर समुद्रफुलें पाहिलीं तीं लुटलीं गेलीं, आणि या नाशाला आपलींच पुस्तकें कारण झालीं हें वडिलांना जिवंतपणीं कळून त्यांना फार क्लेश झाले. एडमंड हे शैलीचे भोक्ते होते. चित्र गडद करण्याची त्यांना संवय होती, हें ध्यानांत ठेवूनही त्यांतलें सत्य कमी होत नाहीं. तो बाप लोभी नव्हता, उथळही नव्हता. त्याचें वर्णन चांगलें होतें, एवढाच त्याचा अपराध.

म्हणजे वाईट वर्णन किनाऱ्याला आंधळें करतें, आणि चांगलें वर्णन त्याचा नाश करूं शकतें. मग काय, किनाऱ्याचें नांवच घेऊं नये? कांहीं लेखक आतां तसें करतातही. गांवाचें नांव गुप्त ठेवून ‘एक निवांत जागा’ म्हणून लिहितात. आम्हांस हा मार्ग पटत नाहीं. गुप्त ठेवण्यानें ती जागा फक्त लेखकाच्या मित्रमंडळीची होते. शिवाय किनारा कधींच कोणाचा नव्हता असें नाहीं, आणि कार्सनबाईंच्या पुस्तकावरील आमचा खरा आक्षेप हाच आहे. त्यांच्या किनाऱ्यावर माणूस जवळजवळ नाहींच. लेखिका आहे, तिची विजेरी आहे. पण तेथें पोट भरणारा कोणी नाहीं.

आपल्याकडे असें पुस्तक खोटें ठरेल. मालवणचें उदाहरण घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोंवतालच्या खडकांवर पोंवळीं आहेत, आणि १९८७ सालीं तेथील सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. तेथील मच्छीमारांनीं त्याला विरोध केला, कारण कागदावरची ती रेघ त्यांच्या रोजच्या पाण्यांतून गेली होती. पुढें त्याच पाण्यांत कांच आणि नळी लावून पाहणाऱ्या पाहुण्यांच्या होड्या आल्या. पोंवळें हा दगड नसून बारीक जीवांनीं घातलेलें घर आहे, आणि त्याचे पुष्कळ गोटे वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाहींत. पाहुणा दमला कीं त्याच्यावरच उभा राहतो. रापण ओढणारा, होडी वल्हविणारा, अभयारण्याला विरोध करणारा आणि पाहुण्याला पाण्यांत उतरविणारा हे तेथें पुष्कळदां एकाच घरांतले असतात. या किनाऱ्यावर लिहिणाराला यांतल्या एकालाही वगळतां येणार नाहीं, आणि त्यांना केवळ ‘भोळे कोळी’ म्हणून चित्राच्या कोपऱ्यांत उभें करूनही चालणार नाहीं.

भाषेचा प्रश्न येथेंच येतो. कार्सनबाईंचें पुस्तक मराठींत आणावयाचें ठरलें तर भाषांतरकार कोशाकडे धांव घेईल आणि संस्कृत धातूंवरून चाळीस नवे शब्द पाडील. आपल्या ललित वाङ्मयाला कवचधारी जीवांसाठीं ‘शिंपला’ हा एकच शब्द पुरतो. पण कोंकणच्या बाजारांत तिसऱ्या निराळ्या, मुळे निराळे, कालवें निराळीं, खुबे निराळे, आणि प्रत्येकाचा भाव निराळा. भांगाच्या दिवसांत पाणी किती मागें हटतें, उधाणाला कोणता खडक उघडा पडतो, हें ओहोटींत पाटी घेऊन उतरणाऱ्या बायकांना कोणत्याही पुस्तकाहून चोख माहीत असतें. भरतीच्या रेषेच्या वर वाळूवर पसरणाऱ्या त्या जांभळ्या फुलांच्या वेलीला ‘मर्यादवेल’ म्हणणारा कोणी अनामिक मनुष्य कार्सनबाईंच्या जातीचाच निरीक्षक असला पाहिजे; समुद्राची हद्द कोठें संपते तें त्यानें एका शब्दांत लिहून ठेवलें. आमच्या किती कवींनीं तिच्याकडे पाहिलें आहे?

तेव्हां भाषांतरकारानें कोश उघडण्यापूर्वीं मार्गशीर्षांतील अमावास्येच्या उधाणाची ओहोटी साधून एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर चार दिवस घालवावे, आणि प्रत्येक चित्र दाखवून, याला तुम्ही काय म्हणतां, असें विचारावें. कांहींना नांव मिळेल. कांहींना, खाण्याच्या उपयोगाचें नाहीं म्हणून, मिळणार नाहीं. तेवढ्यांपुरतेच शब्द त्यानें नवे पाडावे.